सुखी संसाराचे तीनशे बारा पुरावे

आफळे मॅडमना हसू आवरेना, तेव्हाच मी ओळखलं की केस हातची चालली.

विवाह समुपदेशकाच्या खोलीत हसू ही तशी दुर्मीळ वस्तू. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात तोवर मी बावीस वर्षं वकिली केली होती. त्या खोलीतून रडणं ऐकलं होतं, शिव्या ऐकल्या होत्या, एकदा एका सासूबाईंनी सुनेकडे बघत म्हटलेली अख्खी रामरक्षा ऐकली होती. पण खुद्द समुपदेशक टेबलावर कपाळ टेकून हसताहेत, असं कधी झालं नव्हतं. वकिलांना एरवी त्या आत बसू देत नसत. आज मला त्यांनीच बोलावून घेतलं होतं, आणि मी येऊन दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"परत सांगा," पदराने डोळे पुसत त्या म्हणाल्या. "वकीलबाईंनाही ऐकू दे. तुमचं नेमकं पटत नाही कशावरून?"

समोर शाल्मली आणि पुष्कराज खैरनार बसले होते. परस्परसंमतीने घटस्फोट मागणारे माझे अशील.

"मॅडम, अहोंना काही सांगितलं ना, की एका कानाने ऐकतात," शाल्मली म्हणाली.

"आणि दुसऱ्या कानाने सोडून देतात?"

"छे हो," पुष्कराज म्हणाला. "दुसऱ्या कानाला हिच्या आईचा फोन असतो."

आफळे मॅडम पुन्हा आडव्या.

"यांच्याशी बोलणं म्हणजे गॅस एजन्सीला फोन लावणं," शाल्मली पुढे म्हणाली. "आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा."

"आणि हिचं बोलणं म्हणजे सिलिंडर. कधी संपेल सांगता येत नाही."

मी टेबलाखालून पुष्कराजच्या बुटावर चप्पल ठेवली आणि दाबली. त्याने माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की आपण इथे भांडायला आलोय. प्रत्येक वाक्यानंतर दोघं एक सेकंद थांबत होते. व्हिडिओमध्ये तिथे मागाहून हशा टाकतात, असं नंतर मला कळलं.

"मला माफ करा," आफळे मॅडम म्हणाल्या, "पण मी लिहू काय? यांचं पटत नाही म्हणून लिहू? अहो, माझ्याकडे भांडत येणाऱ्या जोडप्यांना मी यांचे व्हिडिओ दाखवते! बघा म्हणते, भांडायचं तर असं भांडा. अकरा जोडपी परत नांदायला लागलीत यांच्यामुळे. अकरा!"

अशिलांची कीर्ती वकिलाला अशा प्रकारे आडवी येईल, हे कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

ही दोघं माझ्याकडे आली ती त्याच्या महिनाभर आधी. मी तोवर त्यांना ओळखत नव्हते. माझ्या ऑफिसात येणारी मंडळी सहसा खुर्च्या एकमेकांपासून लांब सरकवून बसतात. यांनी खुर्च्या जवळ ओढल्या, शाल्मलीने त्याच्या कॉलरवरचा धागा काढला, आणि मग दोघांनी एकदम खोलीत इकडेतिकडे बघितलं. उजेड कुठून येतोय ते बघत होते.

"आमचा 'दोन कप चहा' नावाचा चॅनेल आहे," पुष्कराज म्हणाला. "नवरा-बायकोची गोड नोकझोक. पाच लाख ऐंशी हजार फॉलोअर्स."

"बरं. मग अडचण काय?"

"घटस्फोट हवाय. पण कुणाला कळता कामा नये."

"नातेवाइकांना?"

"नातेवाइकांना कळलं तर चालेल. त्या पाच लाख ऐंशी हजारांना कळता कामा नये."

मी पेन खाली ठेवलं. मला आधी त्यांचा धंदा समजून घ्यावा लागला. इतकी वर्षं मी शेती, दुकान, नोकरी आणि वडिलांची पेन्शन यांवर चालणारे संसार मोडले होते. संसारावरच चालणारा संसार पहिल्यांदा बघत होते.

"व्हिडिओचे पैसे यूट्यूब देतं ना?"

"देतं. त्यात लाइटबिल निघतं," शाल्मली म्हणाली. "शूटिंगचे दिवे फार खातात."

"मग मिळकत कसली?"

पुष्कराजने लॅपटॉप उघडून माझ्याकडे वळवला. त्यात दरपत्रक होतं. आमच्या बार असोसिएशनला जे तीस वर्षांत जमलं नाही, ते या पोराने एका पानात बसवलं होतं. दोघांनी मिळून एक रील, कंपनीची वस्तू हातात धरून: साठ हजार. वस्तू नुसती मागे ओट्यावर दिसली तर चाळीस. वस्तूचं नाव भांडणात आलं तर पंचाहत्तर.

"भांडणात जास्त का?"

"भांडण आलं की लोक अंगठा थांबवतात," तो म्हणाला. "प्रेम पुढे सरकवतात."

त्याखाली 'सासूबाईंसह' असा एक वेगळा दर होता. शिवाय दुकानांची उद्घाटनं. त्याला त्यांच्यातही सुपारीच म्हणतात. शिवाय व्हिडिओखाली दिलेल्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली तर त्यावर कमिशन. आणि छोट्या कंपन्या पैशांऐवजी वस्तूच देतात, त्याला बार्टर म्हणतात.

"आमच्याकडे नऊ मिक्सर आहेत," शाल्मली म्हणाली.

"मग स्वयंपाकाची चंगळ असेल."

"डबा येतो."

मी पुन्हा दरपत्रक बघितलं. "आणि दोघांपैकी एकटंच कुणी असेल तर?"

शाल्मली म्हणाली, "मला एकटीला अठरा हजार मिळतात. याला एकट्याला अजून कुणी विचारलेलं नाही."

"विचारलं होतं एकदा," पुष्कराज म्हणाला. "केसगळतीच्या तेलवाल्यांनी."

कॅमेऱ्यासमोर ती त्याला 'अहो' म्हणते आणि एरवी 'अरे', हे माझ्या लक्षात आलं. त्याचंही कारण निघालं. 'अहो' म्हटलं की पन्नाशीपुढच्या बायका बघतात, आणि कुकर, गाद्या, गुडघ्याचं तेल या खरेद्यांचा निर्णय त्याच घेतात.

"मग इतकं छान चाललंय तर घटस्फोट कशाला?" मी विचारलं. हा प्रश्न वकिलाने विचारू नये. पण दरपत्रक बघून मी जरा हलले होते.

पुष्कराजने लॅपटॉप मिटला. उत्तर शाल्मलीने दिलं, आणि या वेळी तिने उजेड बघितला नाही.

"मॅडम, चौदा महिने झाले. मी आतल्या खोलीत राहते, हा बाहेरच्या. मधल्या हॉलमध्ये शूटिंग होतं. आम्ही एकमेकांशी बोलतो ते फक्त लिहून आणलेलं. त्या घरात मी कामाला आहे. तर कायद्यानेही कामालाच असू दे. दिवा बंद झाल्यावर मला कुणाची बायको असायचं नाहीये. हे नाही झालं, तर मी वेडी होईन."

"तुमचं काय म्हणणं?" मी पुष्कराजला विचारलं.

"तिचं तेच माझं," तो म्हणाला. "यावर आमचं एकमत आहे."

"कारण काय लिहू?"

"स्वभाव जुळत नाहीत," दोघं म्हणाले. एकाच वेळी, एका सुरात, अगदी टाळी पडावी असं. परस्परसंमतीच्या अर्जात कारण खणून काढावं लागत नाही. मीही खणलं नाही.

कायद्याला एवढंच हवं असतं की अर्जाआधी किमान वर्षभर नवरा-बायको वेगळे राहत असावेत. एका छपराखाली राहूनही वेगळं राहता येतं, हेही कोर्टांनी मानलेलं आहे. फक्त ते समोरच्याला पटवून द्यावं लागतं. आणि इथे त्या चौदा महिन्यांत या दोघांनी एकत्र, सुखात आणि हसतखेळत राहत असल्याचे तीनशे बारा पुरावे स्वतःच्या हाताने जगासमोर ठेवले होते. वर प्रत्येकाखाली तारीख.

आणि म्हणून आता आफळे मॅडम माझ्याकडे बघून म्हणत होत्या, "वकीलबाई, मी काय अहवाल देऊ? मागच्या मंगळवारी यांनी हिला भरवलं. श्रीखंड होतं. मी स्वतः बघितलंय."

"ते श्रीखंड कंपनीचं होतं, मॅडम," मी म्हणाले. "करारात 'एक घास' असं लिहिलेलं आहे."

"घास तर घास! माझ्या मिस्टरांनी मला एकोणतीस वर्षांत कराराशिवायही भरवलेलं नाही." त्यांनी फाइल मिटली. "पंधरा दिवस देते. वेगळे राहतात याचं काहीतरी दाखवा. तोंडी नको. तोंडी ही दोघं मला फक्त हसवणार."

बाहेर आल्यावर मी दोघांना चांगलं फैलावर घेतलं.

"तुम्हाला साधं भांडता येत नाही?"

"लिहून दिलंत तर येईल," पुष्कराज म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. "तिने पहिलं वाक्य टाकलं की माझ्याकडून दुसरं आपोआप येतं. मला थांबवताच येत नाही."

"घरातलं काही आहे का? मेसेज? चिठ्ठ्या? कुणी साक्षीदार?"

शाल्मली म्हणाली, "न कापलेलं शूटिंग आहे."

पुष्कराज काहीही पुसत नसे. व्हिडिओ दीड मिनिटाचा, पण कॅमेरा तासभर चालू. सगळं तारीखवार एका हार्ड डिस्कवर ठेवलेलं. ती डिस्क त्याने दुसऱ्या दिवशी आणून दिली आणि त्या शनिवार-रविवारी मी ऑफिस बंद करून दुसऱ्याचा संसार बघत बसले.

पहिला व्हिडिओ गादीच्या जाहिरातीचा होता. शाल्मली गादीवर बसून म्हणते, "अहो, या गादीवर पडलं की उठावंसंच वाटत नाही." तो म्हणतो, "तू कुठल्या गादीवरून उठतेस?" हशाची जागा. मग पुष्कराज म्हणतो, "कट."

आणि मग काहीच नाही. ती गादीवरून उठून खुर्चीवर बसते, फोन बघते. तो दिव्याचा कोन बदलतो. अकरा मिनिटं. कुणी कुणाला हाक मारत नाही, पाणी विचारत नाही. मग तो हवेत बोटांनी तीन दाखवतो, ती गादीवर येऊन बसते, चेहऱ्यावर हसू चढवते, आणि "अहो" म्हणते.

कपांत चहा नसायचा. दिव्यांखाली खऱ्या चहावर साय धरते म्हणून पाण्यात थोडी कॉफी घालून रंग आणलेला असे. त्या पाण्याचे तीनशे घोट घेताना मी त्यांना बघितलं.

मी निवडून सहा तुकडे काढले आणि पंधरा दिवसांनी आफळे मॅडमच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला. दोघं अशील भिंतीला टेकून उभे.

पहिला तुकडा संपला. दुसरा संपला. तिसऱ्याच्या मध्यावर मॅडमनी चष्मा वर केला.

"वकीलबाई, यात वेगळं राहणं कुठाय?"

"मॅडम, अकरा मिनिटं एक शब्द नाही."

"अकरा मिनिटांचं काय घेऊन बसलात? आमच्याकडे रात्रीचं जेवण असंच होतं. मिस्टर पेपर, मी मोबाईल. याला वेगळं राहणं म्हटलं, तर मला अर्ध्या नाशिकच्या फायली उघडाव्या लागतील."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी घरी बसून तेच तुकडे बघत असताना आमचे हे मागून येऊन दोन मिनिटं उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "यात बघण्यासारखं काय आहे?" ते आठवलं आणि मी पुढचे दोन तुकडे न दाखवताच सोडून दिले.

शेवटचा तुकडा मी काही पुरावा म्हणून घेतला नव्हता. त्यात निदान काहीतरी घडत होतं, म्हणून घेतला होता.

पडद्यांच्या जाहिरातीचं शूटिंग. शाल्मली स्टुलावर चढून पडदा लावतेय, पुष्कराज खाली उभा. डावीकडे दिव्याचा उंच स्टँड. तिचा पाय लागतो, स्टँड डोलतो, तिच्या अंगावर येतो आणि पुढे कॅमेऱ्यावर आदळतो. दोघं ओरडतात. मग चित्र गरगर फिरतं. छत दिसतं, पंखा दिसतो, कोपऱ्यातला मिक्सरचा खोका दिसतो. मग चित्र थांबतं, आणि वरून दोघांचे चेहरे आपल्याकडे वाकून बघताना दिसतात. अगदी जवळून. काळजीने पांढरे पडलेले.

"लागलं का रे?" शाल्मली विचारते. तिच्या दंडावरून रक्ताचा ओघळ आलाय.

आफळे मॅडमचा चेहरा मऊ झाला. "बघा," त्या मला म्हणाल्या. "स्वतःला लागलंय, पण विचारते कुणाला? नवऱ्याला."

तेवढ्यात पडद्यावर पुष्कराजचं बोट आलं. अवाढव्य दिसणारं ते बोट हळुवारपणे काचेवरून फिरलं.

"नाही लागलं," तो म्हणाला. "लेन्स ठीक आहे."

"नशीब," शाल्मली म्हणाली. तुकडा संपला.

मॅडमनी स्वतःच हात पुढे करून तो तुकडा पुन्हा लावला. आता त्यांनी फक्त हात बघितले. स्टँड कोसळला तेव्हा चार हात झेपावले होते. चारही कॅमेऱ्याकडे.

त्यांनी भिंतीशी उभ्या दोघांकडे बघितलं. "हे तुम्ही नंतर बघितलं होतंत?"

"हो," पुष्कराज म्हणाला. "चालण्यासारखं नव्हतं. फोकस गेलाय."

मॅडमनी पेन उघडलं. "उभयतांमध्ये," त्या लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "पती-पत्नी म्हणून सहजीवन असल्याचे दिसून येत नाही." मग सही करून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या अकरा जोडप्यांना काही बोलू नका, प्लीज."

अर्ज केल्यापासून कायद्याने सहा महिने थांबायचं असतं. विचार बदलायचा तर बदलता यावा म्हणून. यांचा बदलला नाही, आणि कामही थांबलं नाही. जूनमध्ये मी एक रील बघितलं: वडाला दोरा गुंडाळत शाल्मली म्हणतेय, "सात जन्म हाच नवरा आणि हाच वॉटर फिल्टर." मागे पुष्कराज पाण्याचा ग्लास घेऊन उभा. त्या दिवशी त्यांच्या अर्जाला चार महिने झाले होते. चित्रात दोघं इतके छान दिसत होते की माझा माझ्याच फायलीवरचा विश्वास उडाला.

ऑगस्टमध्ये शेवटची तारीख लागली. न्यायाधीशांनी दोघांना तेच दोन प्रश्न विचारले, दोघांनी तीच दोन उत्तरं दिली, आणि सात मिनिटांत विवाह संपला. इतक्या वेळात त्यांचं एक रीलही झालं नसतं.

आम्ही तिघं बाहेर आलो. दुपारची जेवणाची सुट्टी झाली होती, पायऱ्यांवर तुरळक माणसं. शाल्मली दोन पायऱ्या पुढे होती.

"झालं एकदाचं," पुष्कराज मागून म्हणाला. "गुरुवारी साडेचारला ठेवू का? कुकरवाल्यांनी परत विचारलंय."

शाल्मली थांबली. "कुठले कुकरवाले?"

"तेच. आपले."

"ज्यांच्यासाठी मी हसले होते, ते?"

"शाल्मली, इथे नको."

"इथेच." ती वळली. "दादाचा फोन आला होता, अण्णांना आयसीयूत नेलंय म्हणून. आणि तू म्हणालास वीस सेकंदांचं काम आहे, हसून टाक, मग निघू. वीस सेकंद! चार टेक घेतलेस अरे तू! तिसऱ्या टेकला कुकरची शिट्टी झाली नाही म्हणून!"

तिचा आवाज त्या सहा-सात महिन्यांत मी ऐकलेला नव्हता. म्हणजे शब्द ऐकले होते, पण हा आवाज नाही. तो पोटातून येत होता आणि मध्येच फाटत होता.

"मी आधी निघू याच म्हणालो होतो," पुष्कराज म्हणाला. "तू म्हणालीस आज शेवटची तारीख आहे, पैसे अडकतील."

"मग ओढत न्यायचंस! नवरा होतास ना?"

"ओढत?" आता त्याचाही आवाज चढला. "तू आत जाऊन केस विंचरून आलीस! लिपस्टिक लावून आलीस! मला म्हणालीस, लाइट लाव!"

"मालेगावला पोचेपर्यंत शुद्ध गेली होती त्यांची! त्याआधी तासभर विचारत होते, शालू आली का, शालू आली का! आणि शालू कुठे होती? कुकरपाशी खिदळत होती! एक्केचाळीस लाख लोकांनी बघितलंय ते, पुष्कर! एक्केचाळीस लाख!"

मी हातातली फाइल छातीशी धरून उभी होते. स्वभाव जुळत नाहीत, असं मी त्या फाइलीत तीन ठिकाणी टाइप करून घेतलं होतं.

तेवढ्यात मला दिसलं की मुद्रांकवाल्याशेजारी बसून प्रतिज्ञापत्रं टाइप करणारे शेलार नावाचे गृहस्थ उठून मोबाईल उभा धरून पायऱ्यांशी आलेत. शाल्मलीनेही बघितलं. तिचा हात आपोआप केसांकडे गेला. हनुवटी डावीकडे वळली. ती बाजू तिची चांगली येते. ओठांचे कोपरेही ताणू लागले होते. मग ती थांबली. हात खाली घेतला, आणि तशीच विस्कटलेली पुष्कराजकडे वळली.

शेलारांनी तो व्हिडिओ संध्याकाळी टाकला. आठ दिवसांत तेहतीस लाख लोकांनी बघितला. खाली लोकांनी लिहिलं: ॲक्टिंग एक नंबर. कोर्टाचा सेट खरा वाटतो. वहिनी आज जरा ओव्हर झाल्या. कुकर कुठल्या कंपनीचा, लिंक द्या. कुकरचा खप वाढला म्हणे. कंपनीने पुष्कराजला फोन करून विचारलं, अशा रडक्या भांडणांची मालिका करता का, दर दीडपट देऊ. पुष्कराजने कधी नव्हे ते विचार करून सांगतो म्हटलं, आणि मग नाही म्हणून कळवलं. तो आता दुसऱ्यांच्या लग्नांचं शूटिंग करतो. शेलारांनी टायपिंग सोडलं. त्यांचा 'कोर्टाची पायरी' नावाचा चॅनेल आहे. पायऱ्यांवर भांडणाऱ्यांच्या मागे ते उभे असतात, आणि व्हिडिओच्या सुरुवातीला एका मसाल्याचं पाकीट दाखवतात.

शाल्मली संगमनेरला एका शाळेत चित्रकला शिकवते. तिला विचारूनच हे लिहितेय. व्हिडिओ गाजत होता त्या आठवड्यात मी तिला फोन केला होता.

"शेलारांना नोटीस पाठवू का? काढायला लावते."

"राहू दे मॅडम," ती म्हणाली. "पण त्यांनी शेवटचं कापलंय."

"कापलेलं नाही. त्यांच्या मोबाईलमधली जागा संपली होती. मला स्वतः सांगितलं."

"पण तेवढंच मुद्द्याचं होतं."

"मी ऐकलंय," मी म्हणाले.

शेलार मोबाईलवर बोट आपटत, चरफडत बाजूला झाले, त्यानंतरचं ते आहे. पायऱ्यांवर आम्ही तिघंच. पुष्कराजच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तो तेच पुन्हा म्हणाला, पण आता हळू, जवळजवळ समजावल्यासारखं. "तू म्हणालीस लाइट लाव. तूच म्हणालीस ना?"

"हो. मीच म्हणाले," शाल्मली म्हणाली. "आणि ते तुला एकट्यालाच माहीत आहे. म्हणून तर तुझ्यासमोर बसून मला जेवता येत नाही."

तो मान हलवत राहिला. मग त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि विचारलं, "रिक्षा बघू का तुला?"

"बघते मी," ती म्हणाली.

ती फाटकातून उजवीकडे गेली, तो पार्किंगकडे. गुरुवारचं शूटिंग झालं नाही.